नटांच्या घरची लेक

गेल्या दिवाळींतल्या पाडव्यास, दुपारचीं पानें उठून मंडळी माजघरांत सुपारी कातरीत बसली असतां, आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येनें दाराशीं उभें राहून एक वाक्य उच्चारलें. "मला नाट्यशिक्षणाच्या शाळेंत प्रवेश मिळाला आहे, आणि पुढें हाच व्यवसाय करायचा असें मीं ठरविलें आहे." वाक्य संपलें, आणि अडकित्त्याचा आवाजही थांबला.

आमच्या घराण्यांत नाटकाचें वेड पूर्वापार आहे. पण तें तिकीट काढून खुर्चीवर बसण्याचें. पडद्याच्या पलीकडे आमच्यापैकीं कोणी गेलेलें नाहीं. वडील बंधूंनीं पान तोंडांत घालतां घालतां आमच्याकडे बोट दाखविलें आणि म्हणाले, "तिच्या काकांना विचारा. त्यांचें वाचन दांडगें." असा प्रसंग आला म्हणजे आम्हांस एखादें गोळीबंद वाक्य सुचतें, तसें तें सुचलेंही. "नाटक पाहण्यास उत्तम, करण्यास कठीण, आणि त्यावर पोट भरण्यास अशक्य," असें आम्ही म्हणालों. वाक्य मंडळीस आवडलें. पोरगी कांहीं न बोलतां आंत गेली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या लिहिण्याच्या मेजावर एक जुनें पुस्तक ठेवलेलें आढळलें. एलन टेरी या इंग्लिश नटीनें १९०८ सालीं प्रसिद्ध केलेलें तें आत्मचरित्र. आमच्या तीर्थरूपांनीं तें कधीं काळीं मुंबईस फोर्टांतल्या पदपथावर विकत घेतलें होतें, आणि तें कायद्याच्या जाड ग्रंथांमध्यें चाळीसएक वर्षें चेंगरून बसलें होतें. आंत चिठ्ठी होती: "काका, आधीं हें वाचा. मग बोलूं."

आमचें वाचन दांडगें आहे हा घरांतला समज आम्हींही कधीं खोडून काढलेला नाहीं. त्यामुळें तें पुस्तक आपण कधीं उघडलेंच नव्हतें हें कबूल करण्याची सोय नव्हती. त्याच रात्रीं वाचावयास घेतलें. आमच्या आत्याबाईंचें वय ८६. डोळ्यांनीं त्यांना वाचवत नाहीं, पण कान तिखट आहेत. "एकटाच काय वाचतोस? मलाही सांग," असें त्या म्हणाल्या, तेव्हां रोज दिवेलागणीनंतर आम्ही त्यांना मराठींत सांगत गेलों. एलन टेरीविषयीं इतरांनीं लिहिलेलेंही मग शोधून वाचलें.

एलन टेरी २७ फेब्रुवारी १८४७ रोजीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जन्मली. तें आईबापांचें गांव नव्हे. नाटकाच्या फिरतीवर असतां घेतलेल्या बिऱ्हाडांत तिचा जन्म झाला. गंमत अशी कीं आपलें जन्मवर्ष १८४८ आहे असेंच ती समजत असे व तसेंच तिनें लिहिलेंही. सरकारी नोंदींत मात्र १८४७ आहे. गांवोगांव हिंडणाऱ्या आईबापांस अकरा अपत्यें झालीं. कोणतें कोठें नि केव्हां झालें हें लक्षांत ठेवणें सोपें नसावें! बाप बेन टेरी नट. आई सेरा बॅलर्ड ही वेस्लियन पंथाच्या धर्मशील घरांतली. तीही रंगभूमीवर उतरली, परंतु 'मिस येरेट' या नांवानें. 'टेरी' या शब्दाचीं इंग्रजी अक्षरें उलटीं लिहिलीं कीं 'येरेट' होतें. या ठिकाणीं आम्ही जरा थांबलों. आमच्या डोळ्यांपुढें नटाचें घर म्हणजे जन्मजात नटांचेंच घर असें चित्र होतें. येथें तर देवभीरू घरची एक मुलगी पहिल्यानें तो उंबरठा ओलांडून गेलेली, आणि पुढची सारी परंपरा तिच्या पोटीं आलेली. त्या अकरांपैकीं केट, एलन, मॅरियन, फ्लॉरेन्स आणि फ्रेड हीं पांच भावंडें रंगभूमीवर नांवारूपास आलीं. त्यांत प्रथम केट हीच श्रेष्ठ गणली जाई. पण १८६७ सालीं लग्न होतांच तिनें रंगभूमी सोडली. विसाव्या शतकांतला थोर नट जॉन गिलगुड (१९०४–२०००) हा या केटच्याच मुलीचा मुलगा.

एलन शाळेंत अशी गेलीच नाहीं. शुद्ध उच्चार आणि स्पष्ट वाणी हें तिला आईबापांनीं घरींच शिकविलें. २८ एप्रिल १८५६ रोजीं, वयाच्या नवव्या वर्षीं, लंडनच्या प्रिन्सेस थिएटरांत चार्ल्स कीन याच्या मंडळींत ती प्रथम उभी राहिली. नाटक शेक्सपिअरचें 'विंटर्स टेल', भूमिका राजपुत्र मॅमिलियसची. खुद्द व्हिक्टोरिया राणी व तिचे पति प्रेक्षकांत होते. हातांत खेळण्यांतला गाडा ओढावयाचा होता. त्याच्या दांड्यास अडखळून ही बया पाठीवर आपटली! आपली सारी कारकीर्द त्याच क्षणीं बुडाली असें त्या पोरीला वाटलें. नाटक पुढें शंभरांवर रात्रीं चाललें.

त्याच वर्षीं 'मिडसमर नाइट्स ड्रीम' नाटकांत ती पक झाली. जमिनींतल्या चोरदरवाजांतून वर यावयाचें असे. एके रात्रीं तो दरवाजा वेळेपूर्वीं मिटला आणि तिच्या पायाचें बोट त्यांत सांपडलें. तिची किंकाळी ऐकून बहीण केटनें वरून जमिनीवर पाय आपटले, पण खालच्या माणसास तो दरवाजा घट्ट मिटण्याचाच इशारा वाटला. बोट मोडलें. कीनची पत्नी धांवत आली आणि म्हणाली, नाटक पुरें कर, तुझा पगार दुप्पट करीन. पोरीनें रडत, लंगडत शेवटचें भाषण पुरें केलें, आणि आठवड्याच्या पंधरा शिलिंगांचे तीस झाले. आत्याबाई यावर म्हणाल्या, "मेली कसली बाई! पोरीचें बोट मोडलें आणि ही पगाराच्या गोष्टी करते?" पण थोडा वेळ गेल्यावर पुन्हा म्हणाल्या, "दिला ना पण खरोखर?" दिला होता.

दिवसभर तालमी आणि रात्रीं खेळ, असा त्या मुलांचा क्रम. कमरेस पुढून एक घोंगडी टांचून, ती सहा इंच जमिनीवर लोळत असतां तींत पाय न अडकवितां चालण्याचा सराव करावा लागे; कारण मोठेपणीं नायिकेच्या घोळदार वस्त्रांत वावरणें हें पाठांतराहून अवघड. हें वाचतांना मात्र आमचें गोळीबंद वाक्य आम्हांस थोडें टोचूं लागलें. आम्हीं नाटक 'करण्यास कठीण' म्हटलें होतें खरें. पण तें कठीण म्हणजे काय, याची आम्हांस सुतराम कल्पना नव्हती.

पुढची हकीकत आत्याबाईंना कशी सांगावी, या विवंचनेंत एक संध्याकाळ आम्हीं डोकेंदुखीचें निमित्त केलें. २० फेब्रुवारी १८६४ रोजीं, सतरावें वर्ष पुरें व्हावयास एक आठवडा असतां, एलनचें लग्न जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या थोर चित्रकाराशीं झालें. तो ४६ वर्षांचा होता. त्यानें तिचें काढलेलें 'चूझिंग' नांवाचें चित्र लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्रसंग्रहांत आहे. एका हातीं सुगंधी व्हायोलेट्स छातीशीं धरून ती दुसरीकडे भपकेदार कॅमेलिया फुलाचा वास घेत आहे. संसार दहा महिन्यांत मोडला. चित्रकाराच्या भोंवतालच्या प्रौढ स्त्रियांत ही मुलगी शोभेची वस्तु होऊन बसली, आणि मग ती शोभेनाशी झाली तेव्हां पोटगी ठरवून माहेरीं पाठविण्यांत आली.

आत्याबाई ऐकून म्हणाल्या, "म्हणजे ही शारदाच कीं रे!"

देवलांची 'शारदा' १८९९ सालची. जरठकुमारीविवाहावर आमच्याकडे कोरडा उठला तोही नाटकांतूनच, हें आत्याबाईंच्या उद्गारानें आम्हांस आठवलें. पण त्या पुढें जें म्हणाल्या तें आम्हांस ठाऊक नव्हतें. "शाळेच्या संमेलनांत मी शारदा व्हायची होतें. पंधरा वर्षांची असेन. दीड महिना तालीम झाली. आदल्या दिवशीं बाबांनीं शाळेंत निरोप धाडला." आम्हीं विचारलें, "मग?" "मग काय? दुसरीला उभी केली. तिला माझीच साडी दिली." एवढें बोलून त्यांनीं जपाची माळ घेतली. आत्याबाईंचे बाबा म्हणजे आमचे आजोबा. घरांत त्यांचा शब्द अजून प्रमाण म्हणून सांगितला जातो. तो आम्हींही किती वेळां सांगितला असेल!

यानंतर कांहीं लपवावें असें वाटेना. १८६८ सालीं एलन टेरी कोणास न सांगतां घरांतून नाहींशी झाली. त्याच सुमारास थेम्स नदींत एका बुडालेल्या मुलीचें प्रेत सांपडलें. बापानें तें पाहून ही आपलीच मुलगी म्हणून ओळख दिली. आईला राहवेना, ती जाऊन पाहते तों एलनच्या अंगावरची जन्मखूण त्या देहावर नाहीं. बातमी कळतांच मुलगी धांवत घरीं आली. ती एडवर्ड गॉडविन या वास्तुशिल्पकाराबरोबर हर्टफर्डशायरच्या खेड्यांत राहत होती. लग्न झालेलें नव्हतें, आणि वॉट्सशीं कायदेशीर काडीमोड १८७७ पर्यंत झालेला नसल्यामुळें होण्यासारखेंही नव्हतें. तेथें तिला १८६९ सालीं ईडिथ ही मुलगी आणि १८७२ सालीं एडवर्ड गॉर्डन क्रेग हा मुलगा झाला. ती कोंबड्या पाळी, पहांटे उठे, स्वतः गाडी हांकी. सहा वर्षें तिनें रंगभूमीकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. तिच्या या कृत्याचें मंडन आम्ही करीत नाहीं. आईबापांस मेलेली मुलगी ओळखण्यास नेणारें मौन हें आमच्या मतें क्रौर्यच होय, मग तें अजाणतां कां घडेना.

गॉडविन गुणी, पण पैशाच्या बाबतींत फाटका. घर कर्जांत बुडालें. एके दिवशीं रस्त्यांत एलनच्या गाडीचें चाक निखळलें असतां शिकारीच्या पोशाखांतला एक गृहस्थ कुंपणावरून उडी मारून आला. तो नाटककार चार्ल्स रीड निघाला. रंगभूमीवर परत ये, असा त्यानें लकडा लावला. तिनें थट्टेनें म्हटलें, आठवड्यास चाळीस पौंड मिळाले तर येईन. तो म्हणाला, दिले. अशी १८७४ सालीं ती परतली. पुढील वर्षीं तिनें केलेली पोर्शिया पाहून लंडन वेडें झालें, पण तें नाटक तीन आठवड्यांतच बंद पडलें आणि गॉडविन त्याच वर्षीं तिला सोडून गेला.

आम्हीं येथें पुस्तक मिटून आत्याबाईंकडे पाहिलें. निंदेचे शब्द आतां येतील अशी आमची अपेक्षा होती. त्यांनीं एवढेंच विचारलें, "मुलांना कोणीं पोसलें?" तिनेंच. आणि पुढें जन्मभर.

३० डिसेंबर १८७८ रोजीं हेन्री अर्व्हिंगच्या लायसियम थिएटरांत ती ऑफेलिया म्हणून उभी राहिली, आणि तेथून १९०२ पर्यंतचीं चोवीस वर्षें या दोघांनीं इंग्लिश रंगभूमीवर राज्य केलें. ऑफेलियाच्या वेडाचा प्रवेश नीट साधावा म्हणून ती वेड्यांच्या इस्पितळांत गेली होती. बहुतेक वेडे तिला फारच नाटकी वाटले! परत फिरतां फिरतां एक मुलगी दिसली. शून्य दृष्टीनें भिंतीकडे पाहत उभी असलेली, आणि एकाएकीं हात वर टाकून खोलीभर पांखरासारखी धांवलेली. ती तिनें मनांत टिपून ठेवली. शेवटच्या अंकासाठीं तिनें काळा पोशाख शिवविला, तों मंडळींतला एक वृद्ध सल्लागार घाबरून म्हणाला कीं या नाटकांत काळें माणूस एकच, तें हॅम्लेट! तिनें मुकाट्यानें पांढरा घातला. आणि पहिल्या रात्रीं आपला प्रवेश संपतांच, आपण साफ फसलों अशी खात्री होऊन, ती नाटक संपण्याची वाट न पाहतां थेम्सच्या कांठानें गाडींतून वेड्यासारख्या फेऱ्या घालीत राहिली. घरीं लोक अभिनंदनास येतील हें तिच्या स्वप्नींही नव्हतें.

मनांत सहज येतें, त्याच सुमारास, ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं, पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'संगीत शाकुंतल' उभें राहिलें; त्यांतली शकुंतला पुरुष होता. तेव्हां आणि पुढेंही पुष्कळ वर्षें घरच्या लेकी राहिल्या बाजूलाच.

१८८८ सालीं लायसियमनें 'मॅक्बेथ' केलें. लेडी मॅक्बेथसाठीं हिरव्या-निळ्या धाग्यांनीं विणलेला एक झगा करण्यांत आला आणि त्यावर एका जातीच्या हिरव्या चकचकीत भुंग्याचे सुमारें हजार पंख टांचण्यांत आले. अशा पंखांचें भरतकाम हा मुळांत हिंदुस्थानांतील कारागिरांचा उद्योग. सार्जंट या चित्रकारानें त्या वेशांतलें तिचें चित्र काढलें, तें लंडनच्या टेट संग्रहालयांत आहे. ती दिसते भव्य. पण टीकाकारांनीं त्या वेळीं नाकें मुरडलीं, कारण तिची लेडी मॅक्बेथ राक्षसीण नव्हती, नवऱ्यावर जीव टाकणारी बायको होती. आम्हांस वाटतें, तिचेंच बरोबर होतें. नवऱ्याच्या बढतीपायीं बुद्धि गहाण टाकणाऱ्या बायका आम्हींही पाहिल्या आहेत, आणि त्या राक्षसीण मुळींच दिसत नाहींत.

वेतन वाढत आठवड्यास दोनशें पौंडांपर्यंत गेलें. त्या काळीं इंग्लंडांत एवढें मिळविणारी दुसरी स्त्री सांपडणें कठीण. म्हणजे 'पोट भरण्यास अशक्य' हा आमच्या वाक्याचा तिसरा पायही गेला, असें वाचकांस वाटेल. परंतु तेवढ्यानें आम्ही हार जाणार नव्हतों. एका एलन टेरीमागें किती जणी नांवाशिवाय झिजल्या असतील, हा प्रश्न आमच्यापाशीं शिल्लक होता. तो अजूनही आहे.

शिवाय तिच्याही वाट्यास हवें तें सारें आलें असें नाहीं. रोझलिंड ही भूमिका तिच्यासाठींच लिहिली आहे असें सारें जग म्हणे. पण 'ॲज यू लाइक इट' नाटकांत अर्व्हिंगच्या योग्यतेची भूमिका नाहीं, म्हणून तें लायसियमला कधीं झालेंच नाहीं. बर्नार्ड शॉ पत्रांमागून पत्रें लिहून तिला सांगत असे कीं हा मनुष्य तुझे गुण फुकट दवडीत आहे. शॉचें बोलणें खरें असावें, पण तो आपलीं नाटकेंही पुढें करीत होताच! १९०३ मध्यें तिनें स्वतः इम्पीरियल थिएटर घेऊन, मुलाच्या दिग्दर्शनाखालीं इब्सेनचें नाटक मांडलें. गॉर्डन क्रेग आधुनिक नेपथ्याचा एक प्रवर्तक म्हणून आज जगास माहीत आहे. आईची त्या वेळची पुंजी मात्र बुडाली, आणि ती भरून काढण्यास ती पुन्हा गांवोगांव दौऱ्यावर निघाली. वय ५६.

१८७७ सालीं तिनें चार्ल्स केली या नटाशीं दुसरें लग्न केलें होतें. तें चार वर्षांत मोडलें. तिसरें १९०७ सालीं, साठाव्या वर्षीं, तीसएक वर्षांनीं लहान नटाशीं. तेंही दोन वर्षांत संपलें. याविषयीं आम्ही विशेष लिहीत नाहीं. आत्याबाईंनींही येथें फक्त "बाई गं!" म्हटलें.

१२ जून १९०६ रोजीं ड्र्युरी लेन थिएटरांत तिच्या रंगभूमीवरील पन्नास वर्षांचा उत्सव झाला, तेव्हां टेरी घराण्यांतलीं बावीस माणसें एकदम रंगमंचावर उभीं होतीं. आमच्या घरचीं सारीं माणसें एका ओळींत उभीं राहिलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत तीं फक्त लग्नाच्या छायाचित्रांत. पुढें दृष्टि मंदावली, पाठांतर निसटूं लागलें. तरी १९१९ सालीं तिनें ज्युलिएटची दाई केली. १९२५ सालीं तिला 'डेम' ही पदवी मिळाली. २१ जुलै १९२८ रोजीं केंट परगण्यांतल्या स्मॉलहाइद येथील आपल्या जुन्या लांकडी घरांत तिनें देह ठेवला. शोकाचीं काळीं वस्त्रें नकोत अशी तिची इच्छा असल्यामुळें लोक रंगीबेरंगी पोशाखांत आले. अस्थि कॉव्हेंट गार्डनमधल्या नटांच्या देवळांत आहेत. त्या घराचें मुलीनें स्मारक केलें. भुंग्याच्या पंखांचा तो झगा तेथेंच आहे. २०११ सालीं त्याची डागडुजी पुरी झाली, तिला तेराशें तास लागले.

पुस्तक संपल्यावर आम्हीं पुतणीस बोलावून घेतलें. आमच्या वाक्याचा उल्लेख दोघांनींही केला नाहीं. आम्हीं एवढेंच म्हटलें, "पदवीची परीक्षा आधीं द्यावी. पहिल्या वर्षाची फी आम्ही भरूं. आणि कोठें असलीस तरी घरीं निरोप चुकवूं नये. वडिलांना कोणाचें प्रेत ओळखावयास जावें लागूं नये." ती हंसली नाहीं. "बरं काका," म्हणाली. धाकटे बंधू राजी झाले आहेत. वडील बंधूंचा होकार अद्याप यावयाचा आहे. त्यांना पुस्तक वाचावयास दिलें आहे. त्यांच्या उशाशीं तें पडून असतें, आणि चिठ्ठी रोज दोनचार पानें पुढें सरकलेली दिसते.

परवां संध्याकाळीं मागल्या पडवींतून कसलासा फरफरण्याचा आवाज आला म्हणून पाहण्यास गेलों. पुतणीनें सोलापुरी चादर कमरेस पुढून टांचली होती आणि ती जमिनीवर लोळवीत पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती. आत्याबाई पाटावर बसून पाहत होत्या. चादरींत पाय अडकून ती दोनदां धडपडली. "अगं, पाऊल उचलूं नकोस, सरकव," आत्याबाई म्हणाल्या, "आणि मान वर. निऱ्यांकडे बघत कोणी चालतं का? आण ती इकडे, मी दाखवतें." आणि भिंतीचा आधार घेऊन त्या उठूं लागल्या.